शाळा व्यवस्थापन समितीचे आभार मानायचेत? आधी इतिवृत्ताची वही काढा

शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या, बहुतेक पालकच असलेल्या या समितीचा सत्कार म्हटला की शाळेत पहिला प्रश्न येतो, शाली किती आणायच्या? दुसरा, पाहुणे कोण बोलवायचे? मग कार्यक्रमाच्या दिवशी सरपंचांचं भाषण पंधरा मिनिटं, केंद्रप्रमुखांचं वीस मिनिटं, आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, ‘आणि समितीचे सर्व सन्माननीय सदस्य, आपण पुढे यावं, वेळेअभावी एकत्रच सत्कार करू.’ दोन वर्षं राबलेली माणसं एका फोटोत उभी राहतात आणि घरी जातात. कोणी काय केलं हे पोरांना कळत नाही, पालकांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही आठवत नसतं.

मी मुख्याध्यापिका म्हणून समितीची सदस्य सचिव होते, त्यामुळे हा घोळ मी स्वतःही घातलेला आहे. पुढचा क्रम त्यातूनच सुचलेला. तो जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. अनुदानित खासगी शाळेत समितीची भूमिका कायद्याने फक्त सल्ल्याची आहे, त्यामुळे तिथे कामांची यादी छोटी होईल, पण क्रम तोच चालेल.

तयारीला तीन आठवडे हातात ठेवा. त्यातले दोन आठवडे टप्पा १ ते ३ यांनाच लागतात. बहुतेक शाळा याच तीन टप्प्यांना फाटा देतात आणि थेट शालींच्या दुकानात जातात.

## टप्पा १ : यादी पक्की करा

समितीत नक्की कोण आहे, हे अनेक शाळांत फक्त भिंतीवरच्या फलकावरून सांगतात. तो फलक कधी रंगवला ते कोणाला माहीत नसतं. म्हणून समिती स्थापनेचा मूळ ठराव काढा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्याकडे साधारण १२ ते १६ जणांची समिती असते. १२ ची असेल तर त्यात ९ पालक. उरलेल्या जागा स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले सदस्य, शिक्षक, आणि स्थानिक शिक्षणप्रेमी किंवा विद्यार्थी यांच्यात वाटलेल्या असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच. मुदत दोन वर्षं.

आता या मूळ यादीवर तीन खुणा करा.

१. मधेच बाहेर पडलेले. मूल सातवी पास होऊन गेलं की पालकाचं सदस्यत्व संपतं, पण त्या बाईने किंवा त्या माणसाने दीड वर्ष काम केलेलं असतं. ही नावं हमखास गळतात.

२. मधेच आलेले. रिकाम्या जागेवर घेतलेले सदस्य फलकावर नसतात.

३. विद्यार्थी प्रतिनिधी. यांचा सत्कार करायचा असतो हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मोठ्यांच्या बैठकीत कोपऱ्यात बसून ‘मुलींच्या शौचालयाला कडी नाही’ एवढं एक वाक्य बोलणारी सहावीतली मुलगी पुष्कळदा सगळ्या बैठकीवर भारी पडते.

तपासा : यादीत एकूण नावं मूळ सदस्यसंख्येपेक्षा जास्त निघाली का? दोन वर्षांत कोणीच बदललं नाही असं क्वचित होतं. आकडा तंतोतंत जुळत असेल तर कोणीतरी सुटलंय असं समजा आणि पुन्हा वही उघडा.

## टप्पा २ : प्रत्येक नावापुढे एक काम लिहा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते.

एका कोऱ्या फुलस्केपवर डावीकडे नावं लिहा. उजवीकडे प्रत्येकासमोर एकच ओळ, ‘यांनी काय केलं’. ‘सहकार्य केलं’, ‘मोलाचं योगदान दिलं’, ‘सदैव तत्पर राहिले’ या ओळी चालणार नाहीत. त्या कोणालाही चिकटतात, म्हणजे कोणाच्याच नसतात.

ही ओळ कुठून काढायची? पहिली इतिवृत्ताची वही. पण तिच्यावर विसंबू नका, कारण ती आपणच लिहिलेली असते आणि आपण ‘विषय क्र. ४ : चर्चा करण्यात आली, सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहितो. तरी त्यातून दोन गोष्टी मिळतात. एक, सूचक आणि अनुमोदक कोण. पाण्याच्या टाकीचा ठराव कोणी मांडला हे तिथे असतं. दुसरी, हजेरीच्या सह्या. २० बैठकांपैकी १८ ला कोण आलं आणि २ ला कोण, हे सह्या मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्या आठवणीत मोठ्या आवाजाचे सदस्य जास्त हजर असतात.

मग बाकीच्या वह्या काढा.

चव नोंदवही. पोषण आहार शिजल्यावर कोणी चाखला, काय शेरा मारला. शाळेत सगळ्यात कमी वाचली जाणारी वही हीच. त्यात ‘उत्तम’, ‘उत्तम’, ‘उत्तम’ अशा रांगेत मधेच कोणाच्या तरी वेड्यावाकड्या अक्षरात ‘डाळ पातळ’ लिहिलेलं सापडतं. ती सही कोणाची ते बघा. त्या सदस्याचं काम तुम्हाला सापडलं.

लोकवर्गणीचं पावतीपुस्तक. रंगकामाला, टीव्हीला, कुंपणाला पैसे कोणी दिले हे तिथे असतं, पण पैसे *कोणी मागितले* हे नसतं. दारोदार फिरलेली माणसं वेगळी असतात. ते गावातल्या दोघांना विचारा.

भेट नोंदवही आणि पत्रव्यवहाराची फाईल. वर्गखोली निर्लेखनाच्या, म्हणजे मोडकळीला आलेली खोली पाडण्याच्या, प्रस्तावासाठी पंचायत समितीत कोण किती वेळा गेलं, हे आवक-जावकच्या तारखांवरून लागतं.

हजेरीपट. हा सगळ्यांत बोलका. एखाद्या मुलाची नोव्हेंबरपासून सलग गैरहजेरी आहे आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो पुन्हा येतोय, तर मधे कोणीतरी त्याच्या घरी गेलेलं असतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात आईबाप कारखान्यावर जातात तेव्हा पोरांना आजीपाशी ठेवायला राजी करणं, हंगामी वसतिगृहाच्या स्वयंपाकावर लक्ष ठेवणं, शिक्षण हमी पत्रक, म्हणजे गाव सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद, हातात देऊन ‘तिकडच्या शाळेत दाखवा’ म्हणून बजावणं, हे सगळं समितीतल्या बायाच करतात. त्याची नोंद कुठेच नसते. हजेरीपटावर लाल गोळ्यांची रांग अचानक तुटते, एवढीच ती नोंद.

वह्यांतून नाहीच मिळालं तर शिपाई, स्वयंपाकी ताई आणि चौथीतली मुलं यांना विचारा, याच क्रमाने. ‘शाळेत कोण येतं गं सारखं?’ असं चौथीच्या वर्गात विचारल्यावर मला असं एक नाव मिळालं होतं, जे मी फक्त सहीपुरतं धरत होते. ते गृहस्थ रोज मधल्या सुट्टीत रस्त्यापलीकडे उभे राहायचे, वाळूचे ट्रक जात असतात म्हणून. बैठकीत त्यांनी दोन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं.

सावध : ज्या सदस्याने तुम्हाला त्रास दिला, म्हणजे हिशेब मागितला, अनुदानाच्या पावत्या पाहायच्या म्हणाला, शिक्षक उशिरा येतात म्हणून बैठकीत बोलला, त्याच्यासमोरची ओळ रिकामी ठेवण्याचा मोह होतो. अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे कायद्याने समितीला दिलेलं काम आहे. ते त्याने केलं. त्याची ओळ पहिल्यांदा लिहा, आणि सरळ लिहा : ‘संयुक्त शाळा अनुदानाचा खर्च दर तिमाहीला तपासला.’

सावध : एखाद्यासमोर खरोखर काहीच सापडलं नाही तर खोटं रचू नका. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. एक खोटी ओळ वाचली की बाकीच्या तेरा खऱ्या ओळीही खोट्या ठरतात. अशा वेळी हजेरी लिहा : ‘११ बैठकांना उपस्थित.’ तीही शून्य असेल तर नाव यादीत राहील, ओळ राहणार नाही.

## टप्पा ३ : माणसाला जाऊन विचारा

यादी घेऊन प्रत्येकाच्या घरी किंवा शेतावर जा. फोन नको. तीन गोष्टी विचारायच्या.

हे बरोबर आहे का? बहुतेक लोक ‘मी एकटीनं नाही केलं ओ मॅडम’ म्हणतात आणि आणखी दोन नावं सांगतात. ती लिहून घ्या.

नाव कसं लिहायचं? हा प्रश्न मी एकदा विचारला नाही. सन्मानपत्रांवर सगळ्या महिला सदस्यांची नावं मतदार यादीवरून उतरवली, नवऱ्याच्या नावासकट. त्यातल्या एका ताईंना नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी टाकलं होतं. गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, छापताना ध्यानात आलं नाही. त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, खाली जाऊन बसल्या, आणि जाताना ते टेबलावर पालथं ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नवीन छापून घरी नेलं. त्यांनी घेतलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

तेव्हा कागद-पेन पुढे करा आणि त्यांनाच लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर बोलायला सांगा आणि वाचून दाखवा. आडनाव माहेरचं की सासरचं, ‘श्रीमती’ हवं की ‘सौ.’ की काहीच नको, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. विचारायचं राहिलंच तर सगळ्यांना ‘श्रीमती’ लावा.

स्टेजवर यायचं आहे का? काहींना नको असतं. रोजंदारी बुडवून यायचं, नीट साडी नाही, चारचौघांत उभं राहायची लाज वाटते, कारणं खरी असतात. जबरदस्ती करू नका. त्यांचं पत्र घरी नेऊन द्यायचं, मुलांना सोबत घेऊन.

तपासा : टप्पा ३ संपल्यावर तुमच्या फुलस्केपवर प्रत्येक नाव सदस्याच्या सांगण्याप्रमाणे, प्रत्येकापुढे एक खरी ओळ, आणि ‘येणार / घरी देणे’ अशी खूण हवी. एकही रकाना रिकामा असेल तर छापखान्यात जाऊ नका.

## टप्पा ४ : पैसे कुठून, हे आधी ठरवा

संयुक्त शाळा अनुदानाला हात लावायचा नाही. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला ते वर्षाला १०,००० रुपये मिळतं, ३१ ते १०० पटाला २५,०००. त्यात वीजबिल, खडू, डागडुजी, आणि दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातून शाली घेतल्या आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर ज्यांचा सत्कार केला त्या अध्यक्षांचीच सही त्या व्हाउचरवर असते. आभार मानायला गेलो आणि माणूस अडचणीत, असं व्हायला नको.

पोषण आहाराच्या धान्यातूनही पाहुणचार नको, हे वेगळं सांगायला लागू नये. पण सांगते.

शिक्षकांनी आपापसांत काढलेली वर्गणी सगळ्यात स्वच्छ. माजी विद्यार्थी देणार असतील तर पावती फाडा. गावातल्या ठेकेदाराकडून किंवा शाळेला माल पुरवणाऱ्याकडून काही घेऊ नका, त्याच्या मालाची तपासणी हीच समिती करत असते.

चौदा जणांच्या समितीसाठी आम्ही गेल्या वेळी जाड कागदावरची सन्मानपत्रं, प्रत्येकी एक पुस्तक आणि सगळ्यांना चहा-पोहे एवढंच केलं. तिघा शिक्षकांच्या खिशातून भागलं.

## टप्पा ५ : दिवस आणि वेळ

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला गर्दी आयती मिळते म्हणून तोच दिवस धरतात. माझं मत विरुद्ध आहे. त्या दिवशी ध्वजारोहण, कवायत, भाषणं, खाऊ, आणि पुढे ग्रामसभा. उन्हात उभी पोरं चक्कर येऊन पडायला लागली की सत्कार उरकला जातो. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा बरा दिवस आहे. शाळेत कार्यक्रम असतोच आणि समितीतल्या निम्म्या महिलांबद्दल बोलायला तो दिवस शोभतो.

पण तारखेआधी शेत बघा. कोकणात जुलैत भात लावणी, मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी. मजुरीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता कार्यक्रम ठेवलात तर निवृत्त माणसं आणि पुढारी एवढेच येतील. सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी साडेपाच. कार्यक्रमाला तासभर गेला तरी मजुरी बुडणार नाही, अशी वेळ हवी.

समितीची मुदत संपायच्या *आत* कार्यक्रम व्हायला हवा. नवी समिती बसल्यावर जुन्यांना बोलावलं की त्यांना पाहुण्यासारखं वाटतं, आणि निवडीत कोणी हरलेलं असेल तर रुसवाही मधे येतो.

सावध : निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. समितीत लोकप्रतिनिधी असतो, त्याचाही सत्कार असतो, आणि तो सरकारी शाळेच्या अंगणात असतो. तक्रार झाली तर उत्तर मुख्याध्यापकाला द्यावं लागतं.

## टप्पा ६ : सन्मानपत्राचा मजकूर

छापखान्यात तयार मजकूर मिळतो : ‘आपण शैक्षणिक क्षेत्रात केलेल्या अतुलनीय कार्याबद्दल…’ तो घेऊ नका. टप्पा २ ची ओळ घ्या आणि तिच्याभोवती चार वाक्यं लिहा. नमुना देते.

> श्रीमती ________ यांस,
>
> गेल्या दोन शैक्षणिक वर्षांत आपण आठवड्यातून दोन दिवस शाळेत येऊन मुलांच्या जेवणाची चव घेतली. डाळ पातळ असल्याची नोंद आपण तीनदा केलीत. तिसऱ्या नोंदीनंतर समितीने डाळ मोजून घ्यायला सुरुवात केली, ती पद्धत आजही चालू आहे.
>
> शाळेतली ६२ मुलं आज जे जेवतात, त्यात आपलं लक्ष आहे.
>
> आम्ही आभारी आहोत.

खाली मुख्याध्यापकाची सही, आणि विद्यार्थी प्रतिनिधीची. पुढाऱ्याची सही नको. ज्याने काम पाहिलं त्याने सही करावी.

मजकूर लिहिताना नेहमी होणाऱ्या चुका :

सगळ्यांना एकच मजकूर आणि फक्त नाव बदललेलं. दोघी शेजारी बसून पत्रं ताडून बघतात, हे लक्षात ठेवा.

सगळ्यांत वर अशोकस्तंभाचं चित्र. सरकारी शाळा आहे म्हणून छापखानेवाला आपण होऊन टाकतो. राजचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत, सत्काराच्या कागदावर ते चालत नाही. शाळेचं बोधचिन्ह टाका, नसेल तर मुलाने काढलेलं शाळेचं चित्र.

लॅमिनेशन. पाच वर्षांनी पिवळं पडतं आणि कडा सुटतात. त्यापेक्षा जाड कागद, साधी फ्रेम, किंवा तसंच.

भाषा इतकी जड की ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच वाचता येत नाही. लिहून झालं की पाचवीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल ते वाक्य मोडा.

शाल, श्रीफळ आणि ओटी याबद्दल. शालीला माझी हरकत नाही, जुन्या माणसांना आवडते. पण ‘महिला सदस्यांची ओटी भरून, हळदीकुंकू लावून सत्कार’ हे शाळेच्या अंगणात करू नका. समितीत विधवा असतात, टाकलेल्या असतात, हळदीकुंकू न लावणाऱ्या घरच्या असतात. ओळीत उभ्या बायकांपैकी एकीच्या कपाळाशी हात थांबतो आणि ते सगळी पोरं बघतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. शाळेने तरी त्याच्या मागे राहू नये. सगळ्यांना एकच वस्तू द्या, पुरुषांना आणि बायकांनाही. पुस्तक द्यायचं तर वाचता येईल असं, मोठ्या अक्षरातलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या मुलाच्या इयत्तेचं गोष्टीचं पुस्तक द्या, ते घरात वाचून दाखवलं जातं.

पुष्पगुच्छाला प्लास्टिकचं वेष्टन असतं आणि नाश्त्याला थर्माकोलच्या ताटल्या आणल्या जातात. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवायचा आणि बाहेर हे.

## टप्पा ७ : मुलांना काय द्यायचं करायला

मुलं टाळ्या वाजवायला बसवलेली असतात. त्यांना एक काम द्या : प्रत्येक सदस्याची ओळ एका मुलाने वाचायची. पाहुणे नाही, शिक्षक नाही. आणि ज्या कामाचा त्या मुलाशी संबंध आहे, तीच ओळ त्याच्याकडे. कडीचा ठराव ज्या सदस्याने लावून धरला, त्याची ओळ सातवीतली मुलगी वाचेल. ट्रकपाशी उभे राहणाऱ्या काकांची ओळ रस्त्यापलीकडे राहणारा पोरगा वाचेल.

पाठ करून घेऊ नका. कागद हातात असू द्या. आठवडाभर घोकून घेतलं की सूर वक्तृत्व स्पर्धेचा लागतो, हात वर जातात, आणि ओळीतला अर्थ उडून जातो.

एकच अपवाद. घरी जाऊन मुलाला परत आणल्याची ओळ त्या मुलाकडून वाचून घेऊ नका. ‘मी शाळा सोडली होती’ हे त्याने सगळ्या गावासमोर का म्हणावं? ती ओळ दुसऱ्या कोणाकडे द्या आणि त्यात मुलाचं नाव येऊ देऊ नका. सन्मानपत्रातही नको. ‘गळतीच्या काठावरची चार मुलं परत आली’ एवढं पुरतं.

## टप्पा ८ : कार्यक्रमाचा क्रम, पन्नास मिनिटांत

१. बसण्याची व्यवस्था. सदस्य पहिल्या रांगेत, पाहुणे दुसऱ्या. उलटं करायची सवय मोडायला आदल्या दिवशी खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावा. स्टेज नकोच, सतरंजीवर गोल बसा म्हटलं तर आणखी बरं.

२. प्रतिमापूजन आणि स्वागत, पाच मिनिटं. स्वागतगीत एकच, कडवी दोन.

३. समिती काय असते हे दोन मिनिटांत. बऱ्याच पालकांना वाटतं ही पगारी जागा आहे. मानधन नाही, भत्ता नाही, हे स्पष्ट बोला.

४. सत्कार, तीस मिनिटं. चौदा जण, प्रत्येकी दोन मिनिटं : नाव, मुलाने वाचलेली ओळ, पत्र हातात, खाली बसणं. क्रम आडनावाच्या अक्षराप्रमाणे. अध्यक्ष पहिले, मग उपाध्यक्ष, मग ‘इतर’ असं नको. ‘इतर’ हा शब्द सूत्रसंचालकाच्या कागदावरून खोडून टाका.

५. सदस्यांपैकी दोघं बोलतील, प्रत्येकी तीन मिनिटं. कोण, हे त्यांचं त्यांनी आदल्या दिवशी ठरवायचं. यात तक्रार आली तर येऊ द्या. आमच्याकडे एका ताईंनी माईक घेऊन ‘टाकी बसवली पण धुवत कोणी नाही’ एवढंच म्हटलं आणि माईक परत दिला. मी तिथेच लिहून घेतलं.

६. पाहुण्यांचं एक भाषण, पाच मिनिटं, *सत्कारानंतर*. आधी ठेवलंत तर ते पंचवीस मिनिटं होतं आणि त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

७. चहा-पोहे. सदस्यांना वाढायला लावू नका. समितीतल्या बायका सवयीने उठतात आणि कपबशा उचलायला लागतात. शिक्षकांनी वाढायचं, पुरुष शिक्षकांनी आधी.

तपासा : आदल्या संध्याकाळी सगळी पत्रं टेबलावर मांडून फुलस्केपवरच्या यादीशी एकेक नाव जुळवा. मोठ्याने वाचा. वेलांटी, आडनाव, ‘श्रीमती’. दोघांनी मिळून करा, एकाच्या डोळ्याला चूक दिसत नाही.

सावध : फोटो व्हॉट्सॲपच्या गावगटावर टाकताना मुलांची नावं खाली लिहू नका, आणि एखाद्या सदस्याचा डोळे मिटलेला फोटो टाकू नका. लोक वर्षभर तोच दाखवतात.

## टप्पा ९ : दुसऱ्या दिवशीपासून

जे आले नाहीत त्यांच्याकडे जा. आठ दिवसांच्या आत, दोन मुलांना घेऊन. कारखान्यावर गेलेल्या सदस्याचं पत्र ऑफिसच्या कपाटात पडून राहतं आणि बदली झालेल्या मुख्याध्यापकाबरोबर हरवतं. ते त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, ओळ वाचून दाखवा, आणि फोन लावून सांगा.

फलक लावा. कामांची पूर्ण यादी, एका कागदावर, ऑफिसच्या बाहेर. नावं आणि ओळी. नवीन समिती निवडायला पालकसभा भरते तेव्हा लोक तो वाचतात आणि सदस्याने करायचं काय असतं हे त्यांना त्यातून कळतं. त्याआधी ‘कोण होतंय सदस्य?’ विचारल्यावर माना खाली जायच्या. फलक लावल्यानंतरच्या सभेत आमच्याकडे एका जागेला तीन नावं आली. मग चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, तो वेगळा घोळ.

अर्धवट कामं लिहून घ्या. जुन्या सदस्यांना चहाच्या वेळी किंवा घरी जाऊन एकच विचारा : ‘काय राहिलं?’ कुंपणाचा प्रस्ताव कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या दुकानदाराकडून पावती यायची आहे, कोणत्या घरी पुन्हा जायला हवं. हे कुठल्याही फाईलीत नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. ते लिहा आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत विषय क्रमांक १ म्हणून घ्या, ज्यांनी सांगितलं त्यांच्या नावासकट. शाळा विकास आराखडा करताना ही यादी समोर ठेवा.

आमच्या नव्या समितीच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक १ होता : पाण्याची टाकी दर पंधरा दिवसांनी धुणे, सूचना मावळत्या सदस्यांची. ठराव झाला, सूचक-अनुमोदक मिळाले, आणि वार ठरला शनिवार.